ताबा आधी, भरणा नंतर

माझे वडील तालुक्याच्या गावी दस्तलेखक होते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयासमोर, कडुनिंबाच्या झाडाखाली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक टाइपरायटर एवढे त्यांचे दुकान. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र असे सगळे दस्त ते सराईतपणे लिहीत. पण एका दस्ताला हात घालताना मात्र ते पक्षकाराला समोर बसवून घेत आणि दोनदा विचारीत. तो दस्त म्हणजे ताबा साठेखत. जमिनीचा ताबा आज द्यायचा, पैशांचा भरणा पुढे हप्त्याहप्त्याने घ्यायचा आणि सगळे पैसे फिटले की खरेदीखत करून द्यायचे, असा तो व्यवहार असतो. "तुम्ही जे देताय ते आज देताय," वडील सांगत, "समोरचा देणार आहे ते उद्या. तेव्हा त्याच्या बाजूची वाक्यं नीट वाचा. 'देईन' लिहिलंय की 'देण्याचा प्रयत्न करीन' लिहिलंय? किती देणार ते आकड्यात आणि अक्षरात लिहिलंय का? आणि नाही दिलं तर काय, ते कुठं आहे?"

मी पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याकडे वळलो. गेली काही वर्षे माझ्या अभ्यासाचे विषय दोन आहेत : हवामान बदलाविषयीचे जागतिक करार आणि साथीच्या रोगांविषयीचे जागतिक नियम. वरवर पाहता या दोन गोष्टी फार वेगळ्या. एकीत संकट दशकांच्या गतीने येते, दुसरीत आठवड्यांच्या. एकीचे सचिवालय जर्मनीतल्या बॉनला, दुसरीचे जिनिव्हाला. त्यांचे तज्ज्ञ वेगळे, मंत्रालये वेगळी, परिभाषाही वेगळी. पण दोन्हींचे मसुदे शेजारी शेजारी ठेवून वाचू लागलो तेव्हा मला वडिलांचे ते तीन प्रश्न आठवले. दोन्हीकडे व्यवहार एकच आहे. गरीब देशांनी काहीतरी आधी द्यायचे आहे : रोगाची खबर, विषाणूचे नमुने, स्वस्त कोळशावरचा हक्क. श्रीमंत देशांनी काहीतरी नंतर द्यायचे आहे : लस, पैसा, तंत्रज्ञान. आणि दोन्हीकडे पहिल्या देण्याची वाक्ये घट्ट आहेत, दुसऱ्या देण्याची सैल. या लेखात मला एवढेच दाखवायचे आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतो तेही.

पॅरिसमधली एक संध्याकाळ

१२ डिसेंबर २०१५. पॅरिसजवळच्या ल बूर्जे इथे हवामान परिषदेची शेवटची बैठक भरायची होती आणि भरत नव्हती. प्रतिनिधी घोळक्याघोळक्याने उभे होते. मी पुण्यात संगणकासमोर बसून थेट प्रक्षेपण पाहत होतो. इथे मध्यरात्र होत आली होती. कशासाठी खोळंबा झाला होता ते नंतर कळले. एका क्रियापदासाठी.

अंतिम मसुद्याच्या चौथ्या कलमात असे वाक्य होते की विकसित देश संपूर्ण अर्थव्यवस्थेला लागू होणारी उत्सर्जन-कपातीची उद्दिष्टे घेऊन पुढाकार घेतील. इंग्रजीत तिथे 'शॅल' होते. विकसनशील देशांसाठीच्या पुढच्या वाक्यात 'शुड' होते. कायद्याच्या भाषेत या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडच्या मराठी अधिनियमांत जिथे 'करील' असते तिथे कर्तव्य असते; 'करावे' हा झाला उपदेश. अमेरिकेचे म्हणणे असे की 'शॅल' राहिले तर हा करार सिनेटपुढे न्यावा लागेल, आणि सिनेट तो कधीच संमत करणार नाही. अखेर सचिवालयाच्या अधिकाऱ्याने किरकोळ तांत्रिक दुरुस्त्यांची एक यादी वाचून दाखवली. स्वल्पविराम, क्रमांक, भाषांतरातल्या चुका यांच्या जोडीने त्या यादीत 'शॅल'च्या जागी 'शुड' आले. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लोराँ फाबियुस यांनी हातोडा आपटला, सभागृह उभे राहिले, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्या रात्री मलाही आनंद झाला होता, हे कबूल करतो. करार झाला नसता तर काय, याची धास्ती मोठी होती.

पण पॅरिस करारात बंधनकारक नेमके काय आहे, हे त्या रात्रीनंतर शांतपणे पाहावे लागले. प्रत्येक देशाने दर पाच वर्षांनी स्वतःची उद्दिष्टे जाहीर करायची, हे बंधनकारक आहे. किती उत्सर्जन केले याचा अहवाल द्यायचा, हेही बंधनकारक. जाहीर केलेले उद्दिष्ट गाठायचे, हे मात्र तसे बंधनकारक नाही. पालन होते की नाही हे पाहणारी एक समिती आहे. तिचे काम मदतीचे, संघर्ष टाळून आणि कोणतीही शिक्षा न करता चालावे, असे पंधराव्या कलमातच लिहून ठेवले आहे.

हे असे का झाले ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. १९९२ साली रिओ दि जानेरोला जो मूळ करार झाला त्यात एक तत्त्व मान्य झाले होते : जबाबदारी सगळ्यांची सामायिक, पण वाटा वेगवेगळा. ज्यांच्या कारखान्यांनी दीडशे वर्षे धूर सोडला त्यांनी आधी आणि जास्त करायचे. १९९७ च्या क्योटो करारात या तत्त्वाला दात आले. विकसित देशांना एकत्रितपणे १९९० च्या पातळीखाली सुमारे ५ टक्के कपात २००८ ते २०१२ या काळात करणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी, क्योटोची परिषद भरण्याच्याही आधी, अमेरिकन सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार आम्हाला मान्य नाही. अमेरिकेने क्योटोवर सही केली, पण तो कधीच संमत केला नाही. पुढे कॅनडा बाहेर पडला. घट्ट क्रियापदाचा करार केला तर मोठे देश त्यात राहत नाहीत, हा धडा घेऊनच जग पॅरिसला पोहोचले होते.

जिथे 'देईल' तिथे आकडा नाही

आता भरण्याकडे वळू. पॅरिस कराराच्या नवव्या कलमात विकसित देश विकसनशील देशांना अर्थसाहाय्य 'देतील' असे स्पष्ट आहे. इथे क्रियापद घट्ट आहे. त्याला हात लागलेला नाही. पण किती देतील? कराराच्या मजकुरात आकडा नाही. वर्षाला १०० अब्ज डॉलर हा जो आकडा आपण वर्तमानपत्रांतून वाचतो, तो २००९ मध्ये कोपनहेगनला दिलेल्या राजकीय आश्वासनातून आला, आणि पॅरिसला तो करारात न जाता सोबतच्या ठरावात गेला. म्हणजे जिथे 'देईल' आहे तिथे आकडा नाही, आणि जिथे आकडा आहे तिथे 'देईल' नाही. माझे वडील असा दस्त निबंधकापुढे नेऊ देते ना.

२०२० पर्यंत हे १०० अब्ज डॉलर वर्षाला मिळू लागायचे होते. श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे ती पातळी २०२२ मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा, ओलांडली गेली. त्यातलाही मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. पुरामुळे पीक गेलेल्या शेतकऱ्याला नुकसानभरपाई म्हणून पीककर्ज द्यावे, तशातला हा प्रकार. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये बाकूला पुढचा आकडा ठरला : २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर, तेही सरकारी आणि खासगी अशा सगळ्या स्रोतांतून मिळून. विकसनशील देशांची मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती; त्या आकड्यासाठी मजकुरात फक्त 'आवाहन' आले. हातोडा आपटल्यानंतर भारताच्या प्रतिनिधीने उभे राहून त्याला तीव्र हरकत घेतली.

क्रियापद सैल करण्याचा हा खेळ फक्त श्रीमंतांचा आहे असे मात्र समजू नये. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शेवटच्या घटकेला कोळशाविषयीचे वाक्य बदलले. कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने 'बंद करण्या'ऐवजी टप्प्याटप्प्याने 'कमी करणे' असे झाले, आणि ती दुरुस्ती सभेत वाचून दाखवली ती आपल्याच पर्यावरणमंत्र्यांनी. त्यामागची कारणे मला पटण्यासारखी वाटतात : पैसा आणि तंत्रज्ञान यांची हमी नसताना कोळसा सोडण्याची हमी का द्यावी? पण समुद्राची पातळी वाढली की ज्यांचा देशच जाणार आहे त्या बेटांच्या प्रतिनिधींना त्या दिवशी काय वाटले असेल, हेही आपण विसरू नये. भरण्याची खात्री नसली की प्रत्येक जण आपल्या हातातला ताबा घट्ट धरतो, आणि त्यात नुकसान तिसऱ्याचेच होते.

खबर देणाऱ्याचे काय होते

साथींच्या बाबतीत हा व्यवहार आणखी जुना आहे. १८५१ मध्ये पॅरिसलाच पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा देश आले होते आणि प्रत्येकाने दोन माणसे पाठवली होती, एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी. ही जोडीच सगळे सांगून जाते. डॉक्टरांना कॉलरा थांबवायचा होता. मुत्सद्द्यांना जहाजे थांबू द्यायची नव्हती. या ओढाताणीतून पुढची कित्येक दशके एकामागून एक परिषदा झाल्या.

त्यांतल्या एका परिषदेचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. त्याच्या बातमीने युरोपातल्या बंदरांत घबराट पसरली, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसला खास प्लेगसाठी परिषद भरून करार झाला. इकडे मुंबईत हाफकिन लस तयार करीत होते, साथरोग कायदा येत होता, आणि पुण्यात रँडच्या कारभाराने जे घडले ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्या काळच्या या परिषदांतून जी चौकट घडली तिचे सूत्र सोपे होते : ज्याच्याकडे रोग असेल त्याने खबर द्यायची आणि बाकीच्यांनी आपली दारे सांभाळायची. ज्याच्याकडे रोग आहे त्याला मदत करायची, हा मुद्दा त्या सूत्रात जवळजवळ नव्हताच.

सुमारे शंभर वर्षांनी, १९९४ च्या सप्टेंबरमध्ये, सुरतेत प्लेगची बातमी आली तेव्हा हेच सूत्र पुन्हा दिसले. अनेक देशांनी भारताची विमाने आणि माल अडवला. प्रवासावर असे निर्बंध नकोत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे होते. ऐकले फारसे कोणी नाही. भारताच्या नुकसानीचे अंदाज दोन अब्ज डॉलरच्या घरात गेले. अशा अनुभवानंतर पुढच्या वेळी खबर देताना कोणत्याही सरकारचा हात थबकणार, हे उघड आहे.

म्हणूनच २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली नव्याने लिहिली गेली. १९६ देशांना ती लागू आहे. तिच्या सहाव्या कलमानुसार, आंतरराष्ट्रीय चिंतेचा विषय होऊ शकेल अशी घटना आढळून तिचे मूल्यमापन झाले की २४ तासांत संघटनेला कळवायचे. क्रियापद घट्ट, आकडाही घट्ट. त्रेचाळिसाव्या कलमात सांगितले की इतर देशांनी संघटनेच्या सल्ल्यापलीकडे जाऊन निर्बंध लादले तर त्यांची शास्त्रीय कारणे ४८ तासांत द्यावीत. पण कारणे पटली नाहीत तर काय, याचे परिणामकारक उत्तर नाही. आणि गरीब देशांना रोग शोधण्याची क्षमता उभारायला मदत करायची, त्या चव्वेचाळिसाव्या कलमात चार साधे शब्द आहेत, ज्यांचा अर्थ होतो 'शक्य असेल तितकी'. खबर मात्र शक्य असेल तेव्हा द्यायची नाही. ती २४ तासांतच द्यायची.

या नियमावलीची खरी परीक्षा २०२१ मध्ये झाली. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी करोना विषाणूचा एक नवा प्रकार ओळखला, आणि २४ नोव्हेंबरला त्या देशाने तो जागतिक आरोग्य संघटनेला कळवला. पुढे त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळाले. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेकडून येणारी विमाने थांबवण्याचे जाहीर केले. त्यामागोमाग युरोप आणि अमेरिका. नंतर नेदरलँड्समध्ये जुने नमुने तपासले तेव्हा कळले की १९ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यातही हा प्रकार होता. म्हणजे विषाणू युरोपात आधीच पोहोचला होता. अडवली गेली ती फक्त खबर देणाऱ्याची विमाने. उत्तम विज्ञानाचे कौतुक करायचे सोडून आम्हाला शिक्षा केली जाते आहे, अशी दक्षिण आफ्रिकेची तक्रार होती. ती रास्तच होती. नियम पाळणाऱ्याला शिक्षा होते हे एकदा सगळ्यांनी पाहिले, की पुढच्या खबरीला किती उशीर होईल हे कोणतेही कलम ठरवू शकत नाही.

नमुने कोणाचे, लस कोणाची

खबरीपुढची पायरी म्हणजे विषाणूचे नमुने. नमुन्याशिवाय लस नाही. इंडोनेशियात बर्ड फ्लूने माणसे दगावत होती आणि तो देश नियमाप्रमाणे आपले नमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळांकडे पाठवत होता. त्या नमुन्यांवरून ऑस्ट्रेलियातली एक कंपनी लस तयार करीत आहे, आणि ती इंडोनेशियाला विकत घेणेही परवडणार नाही, असे लक्षात आल्यावर २००७ च्या सुमारास तिथल्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने पाठवणेच थांबवले. जगभरातून टीका झाली, कारण त्यात सगळ्यांचाच धोका होता. पण ताबा रोखून धरला तेव्हाच भरण्याची बोलणी सुरू झाली, हेही खरे. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०११ मध्ये एक चौकट मान्य झाली. नमुने वापरणाऱ्या लस कंपन्या लेखी करार करतील, महासाथ आली तर लसींचा काही वाटा किंवा तसाच दुसरा लाभ संघटनेला देतील, आणि ज्या जागतिक यंत्रणेतून नमुने मिळतात तिच्या चालू खर्चाचा निम्मा भार दरवर्षी उचलतील. माझ्या माहितीत साथींच्या क्षेत्रात हा पहिलाच कागद, ज्यात ताबा आणि भरणा एकत्र आले. त्यात उणीव एकच : तो फक्त इन्फ्लुएन्झापुरता होता. करोना म्हणजे इन्फ्लुएन्झा नव्हे.

त्यामुळे २०२० मध्ये जग पुन्हा कोऱ्या कागदापाशी आले. गरीब देशांना लस मिळावी म्हणून 'कोव्हॅक्स' नावाची योजना आखली गेली. २०२१ अखेरपर्यंत २०० कोटी डोस देण्याचे तिचे ध्येय होते. तिचा पहिला साठा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घाना देशाची राजधानी अक्रा इथे उतरला : ६ लाख डोस, आणि ते तयार झाले होते पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. त्या दिवशी पुणेकर म्हणून मला वाटलेला अभिमान खोटा नव्हता.

पुढे काय झाले ते आपण सगळे जगलो. मार्चमध्ये माझ्या आईला पहिला डोस मिळाला. एप्रिलमध्ये शहर खाटा आणि ऑक्सिजन शोधत होते. माझा मावसभाऊ एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याच्या वयोगटाला १ मेपासून लस मिळणार होती. तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेला. त्याच सुमारास भारताने लसींची निर्यात जवळजवळ थांबवली, ती नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. कोव्हॅक्सची सगळी भिस्त पुण्यावर होती. तिच्या १०० कोटी डोसांचा टप्पा गाठायला जानेवारी २०२२ उजाडला.

२०२३ मध्ये जिनिव्हात एका चर्चासत्राच्या मधल्या सुट्टीत पश्चिम आफ्रिकेतल्या एका आरोग्य अधिकारी बाईंशी ओळख झाली. मी पुण्याचा, असे सांगितल्यावर त्या हसल्या. "तुमच्या गावाचं नाव आमच्या पहिल्या खोक्यांवर होतं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, कसलाही राग न दाखवता, त्यांनी सांगितले की पहिला डोस घेतलेल्या त्यांच्या परिचारिका दुसऱ्यासाठी कित्येक महिने थांबल्या होत्या. "आम्ही रोज विचारायचो, पुण्याहून काही आलं का?"

मला उत्तर सुचले नाही. निर्यात थांबवायला नको होती असे मी माझ्या मावशीसमोर म्हणू शकत नाही. थांबवली ते योग्यच झाले असे त्या बाईंसमोर म्हणू शकत नाही. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आले की या पेचात आम्हा दोघांना ज्याने टाकले तो खरा प्रश्न त्याआधीच ठरून गेला होता. श्रीमंत देशांनी लस तयार होण्याच्याही आधी आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट डोसांची मागणी नोंदवून ठेवली होती. लसींवरचे बौद्धिक संपदेचे हक्क तात्पुरते बाजूला ठेवावेत, म्हणजे जिथे जमेल तिथे लस बनेल, असा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजीच जागतिक व्यापार संघटनेत मांडला होता. शंभरावर देशांचा त्याला पाठिंबा होता. निर्णय झाला १७ जून २०२२ रोजी, तोही पातळ करून आणि फक्त लसींपुरता. तोवर तुटवडाच उरला नव्हता. तुटवडा उरला नाही तेव्हा दिलेल्या सवलतीला भरणा म्हणत नाहीत.

नवा करार : जोडपत्राची वाट

या अनुभवातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्यांनी महासाथ करार लिहायला घेतला. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वाटाघाटींनंतर २० मे २०२५ रोजी तो स्वीकारला गेला. आदल्या दिवशी समितीत १२४ देशांनी बाजूने मत दिले, विरोधात एकानेही नाही, ११ तटस्थ राहिले. या करारामुळे संघटना आपल्या देशात टाळेबंदी लादू शकेल, अशी भीती पुष्कळ पसरवली गेली. तसा कोणताही अधिकार संघटनेला मिळत नाही, असे करारातच स्पष्ट लिहिले आहे.

वडिलांच्या तीन प्रश्नांनी तो वाचला तर काय दिसते? बाराव्या कलमात प्रथमच आकडा आहे. विषाणूचे नमुने आणि त्यांची जनुकीय माहिती यांच्या बदल्यात, सहभागी कंपन्यांनी महासाथीच्या आणीबाणीत आपल्या चालू उत्पादनाचा २० टक्के वाटा संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातला किमान १० टक्के देणगी म्हणून आणि उरलेला परवडणाऱ्या दरात, असे ध्येय ठेवले आहे. इन्फ्लुएन्झाच्या चौकटीतून सुरू झालेला विचार आता सगळ्या महासाथींपर्यंत आला, ही मोठीच पुढची पायरी आहे. पण ही देवाणघेवाण चालणार कशी, याचे तपशील एका जोडपत्रात यायचे ठरले आणि त्याची वाटाघाट २०२५ मध्ये चालू होती. मे २०२६ च्या आरोग्य सभेपुढे ते ठेवायचे ठरले होते. त्यानंतर करार सह्यांसाठी खुला व्हायचा, आणि ६० देशांनी संमती दिली की तो लागू व्हायचा, अशी तरतूद आहे. तंत्रज्ञान देण्याची जी कलमे आहेत त्यांत 'परस्परसंमतीने' असा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ 'स्वखुशीने' असा घ्यायचा, हे सांगणारी तळटीप आहे. एका तळटिपेसाठी किती महिने गेले असतील याची कल्पना असा मजकूर वाचणाऱ्यालाच येते.

एक दस्त पुरा झाला होता

हे सगळे अपरिहार्यच आहे का? राष्ट्रे सार्वभौम आहेत, त्यांच्यावर कोण सक्ती करणार, असे मला व्याख्यानांनंतर नेहमी विचारतात. तेव्हा मी ओझोनच्या कराराचे उदाहरण देतो. १९८७ मध्ये माँट्रियलला तो झाला तेव्हा भारत आणि चीन बाहेर राहिले. शीतकपाटांत आणि वातानुकूलन यंत्रांत वापरले जाणारे वायू सोडायचे तर पर्यायांचा खर्च कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. १९९० मध्ये लंडनला करारात दुरुस्ती झाली आणि बहुपक्षीय निधी उभा राहिला. विकसनशील देशांना पडणारा वाढीव खर्च तो निधी देणार. श्रीमंत देशांचा त्यातला वाटा संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या प्रमाणात ठरणार. आणि निधी चालवणाऱ्या चौदा जणांच्या समितीत सात सदस्य विकसित देशांचे, सात विकसनशील देशांचे. क्रियापद, आकडा आणि हिशेब, तिन्ही एका जागी आले. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे आणि ओझोनचा थर हळूहळू भरून येतो आहे.

ओझोनचा प्रश्न सोपा होता, हे मान्य. मोजके कारखाने, मोजके वायू, पर्यायही हाताशी. कार्बन म्हणजे सगळी अर्थव्यवस्थाच. तरीही त्या करारातून एक गोष्ट निश्चित शिकता येते : गरीब देश आडमुठे असतात हा समज खोटा आहे. भरण्याची तारीख दिसली की ते ताबा देतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घट्ट भाषा लिहिली की बडे देश बाहेर पडतात, तेव्हा सैल भाषाच बरी. पॅरिसला 'शुड' स्वीकारण्यामागे हाच विचार होता. पण २० जानेवारी २०२५ या एकाच दिवशी अमेरिकेने पॅरिस करार आणि जागतिक आरोग्य संघटना या दोन्हींतून बाहेर पडण्याचे आदेश काढले. ज्याच्यासाठी क्रियापद मऊ केले तो निघून गेला आणि मऊ क्रियापद मात्र उरलेल्या सगळ्यांसाठी मागे राहिले.

यावर इलाज न्यायालयात सापडेल अशी आशा अनेकांना वाटते. पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक मोहीम सुरू केली. वानुआटू या छोट्या देशाने ती संयुक्त राष्ट्रांत नेली. आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने आपले मत दिले. उद्दिष्टे काय ठेवायची हे सर्वस्वी त्या त्या देशाच्या मर्जीवर नाही, असे न्यायालय म्हणाले. अर्थसाहाय्याचा आकडा करारात नसला, तरी कराराचा हेतू साध्य होईल अशा पातळीवर ते द्यावे लागते, असेही म्हणाले. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे. त्याची अंमलबजावणी करणारा कोणी बेलिफ नाही. पण सैल लिहिलेल्या वाक्याचा घट्ट अर्थ लावता येतो, एवढे त्याने दाखवले. दस्तात नसलेले कर्तव्य न्यायाधीश कधीकधी दस्ताच्या हेतूतून काढतात, हे आमच्या गावच्या कोर्टातही होत असे. फक्त त्याला वर्षे लागत.

२०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला हवामान परिषद झाली, आणि तिकडे जिनिव्हात जोडपत्राची बोलणी चालू होती. अशा वेळी वर्तमानपत्रांत 'ऐतिहासिक' हा शब्द एकदा तरी येतोच. तो आला की आपण मजकूर शोधून तीन गोष्टी पाहाव्यात : क्रियापद कोणते, आकडा त्याच वाक्यात आहे का, आणि दिले नाही तर हिशेब कोण घेणार. यासाठी कायद्याची पदवी लागत नाही.

वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत एका ताबा साठेखताची प्रत सापडली. पक्षकार आमच्याच भावकीतले. ताबा दिल्याची तारीख होती, भरण्याच्या हप्त्यांच्या तारखा होत्या, आणि समासात वडिलांनी पेन्सिलीने एकेका हप्त्यापुढे 'मिळाले' असे लिहिले होते. पाचपैकी तीन हप्त्यांपुढे. उरलेल्या दोन जागा कोऱ्या होत्या. त्या जमिनीवर आज दुमजली घर आहे, आणि ते आमच्या भावकीतल्या कोणाचेही नाही.